सावत्र लेकरू सारखं राडा घालतंय? सोलापुरात मदत कुठून सुरू करायची, आमच्या वहीसकट

सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही की समुपदेशक नाही. जुळे सोलापुरात राहते, २०२३ ला लग्न झालं, नवऱ्याचं दुसरं आणि माझंही दुसरं, आणि सोबत नवऱ्याचा तेव्हा सात वर्षांचा मुलगा. त्याची आई २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. पहिले सहा महिने पोरगं इतकं शहाण्यासारखं वागलं की मी माहेरी फोन करून सांगायची, लोक उगीच घाबरवतात गं. मग जे सुरू झालं ते विचारू नका. डबा भिंतीवर, शेजारच्या पोराच्या पाठीत वीट, वर्गात बाकड्यावर उभं राहून शिव्या, आणि मी काही बोलले की "तू कोण बे सांगणारी".

सल्ले भरपूर मिळाले. प्रेम दे, सगळं ठीक होईल. एक दणका दे, सगळं ठीक होईल. पण जायचं कुठं, कुणाला भेटायचं, काय घेऊन जायचं, कागदावर सही कुणी करायची, हे एकानंही सांगितलं नाही, आणि "सावत्र आई पोराला वेड्याच्या डॉक्टरकडं नेतेय" असं लोक म्हणतील या भीतीनं मी आठ महिने घालवले. ते आठ महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. सावत्र बाप असाल तरी बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी हे ठरवा की मदत लागणार आहे का. नवीन माणूस घरात आलं की लेकरू काही महिने फुरंगटून बसतं, उलट बोलतं, आज्जीच्या मागं लपतं, एवढ्यासाठी लगेच डॉक्टर नको. दुसरेपणाचं घर बसायला दोन-दोन वर्षं सहज लागतात, कधी जास्तच. पण चिडणं कमी व्हायच्या ऐवजी महिन्या-महिन्यानं वाढत चाललं, घरात तसंच शाळेत तसंच, कुणाला लागायला लागलं, झोप-जेवण-अभ्यास यातलं काहीतरी पार बिघडलं, किंवा घरातली मोठी माणसं पोराला घाबरून वागायला लागली, तर थांबायचं नाही. आणि "मला मरायचंय" म्हणालं, स्वतःला इजा करून घेतली, आग लावायला लागलं, मुक्या जनावराला छळायला लागलं, घरातून पळून गेलं, तर वही-बिही राहू द्या, त्याच दिवशी दाखवा. "लक्ष वेधायला म्हणतंय" असं म्हणून सोडायचं नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चार-पाच वर्षांच्या लेकराला मरण म्हणजे कायमचं जाणं हे नीट उमगत नाही, ते साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास उमगायला लागतं. म्हणजे आई गेली तेव्हा पाच वर्षांचं पोर अंगणात खेळत होतं, सगळे म्हणाले बरं झालं त्याला कळलं नाही, आणि त्याला कळायला लागलं तेव्हा नेमकी मी घरात आलेली. राग कुणावर निघणार? घटस्फोटातून आलेल्या लेकराचं वेगळं असतं, तिथं आई जिवंत असते आणि तुमच्याशी चांगलं वागलं तर आईशी दगा केल्यासारखं त्याला वाटतं, म्हणून ज्या दिवशी तुमच्यासोबत मस्त हसलं-खेळलं त्याच रात्री राडा घालतं. हे कळल्यानं राडा थांबत नाही, पण निदान आपलं डोकं थोडं थंड राहतं.

आता पहिलं काम, नवऱ्याशी बोलणं. खरं सांगू का, पोराला समजावणं परवडलं. मी सुरुवात कशी करायची, "तुझ्या मुलानं आज काय केलं बघ", तेही तो टॉवेल कारखान्यातून पाळी संपवून दमून आलेला असताना. मग त्याचं ठरलेलं उत्तर, "आई नाही त्याला, तू समजून घे ना जरा". झालं, दोघं आपापल्या कोपऱ्यात. तक्रार करत गेलात तर बाप पोराचा वकील होतो, हे लिहून ठेवा. सुट्टीच्या दिवशी, पोरगं घरात नसताना बोला. मी शेवटी एवढंच म्हणाले की मला तो त्रास देतो हा मुद्दाच सोडून दे, त्याला त्रास होतोय का नाही एवढंच सांग. शाळेत त्याला कुणी डब्याला जवळ घेत नाही, वाढदिवसाला कुणी बोलवत नाही, हे तुला माहितीये का? त्याला माहिती नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेला.

आणि हे भांडणात जिंकण्यापुरतं नाही, बापाला सोबत घेण्याला कायद्याचंही कारण आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा, त्याच्या कलम ६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की नैसर्गिक पालक म्हणून जे आई-वडील धरले आहेत त्यात सावत्र आई आणि सावत्र बाप येत नाहीत. म्हणजे तुम्ही रोज डबा भरता, ताप आला की रात्रभर बसता, पण उपचाराच्या संमतीच्या कागदावर तुमची एकटीची सही चालेल असं धरून चालू नका. निदान पहिल्या भेटीला सख्ख्या पालकानं यायलाच हवं. तो पुण्यात नाहीतर बाहेरगावी नोकरीला असेल तर सुट्टी धरूनच पहिली तारीख घ्या. घटस्फोट झालेला असेल तर ताबा कुणाकडं आहे तो कोर्टाचा कागद एकदा काढून वाचा, आणि दुसऱ्या पालकाला न सांगता सुरू करू नका, पुढं तोच मोठा वाद होतो. कायद्यानंच पालक व्हायचं असेल तर सावत्र पालकाला दत्तकविधान करता येतं, पण ते वकिलाला विचारून, आणि घर शांत असताना.

मग वही. ही मला आमच्या लेकरांच्या डॉक्टरांनी सांगितली आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच झाला. साधी शंभर पानी वही, दोन आठवडे, प्रत्येक राड्याला चार गोष्टी: आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, आम्ही काय केलं, किती वेळ चाललं. "आज खूप वाईट वागला" असलं काही लिहायचं नाही, कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच लिहायचं. आमच्या वहीतली दोन पानं जशीच्या तशी देते.

"मंगळवार. रात्री दोनला पाणी आलं, सगळे उठलो. सकाळी साडेसहाला उठवलं, उठेना. मी चादर ओढली. त्यानं तांब्या फेकला. मी ओरडले. आज्जीनं जवळ घेऊन बिस्किटं दिली. वीस मिनिटं."

"रविवार संध्याकाळ. अक्कलकोटहून, आजोळाहून परत. मी विचारलं काय काय खाल्लं. 'तुला काय करायचंय.' दप्तर जिन्यावरून खाली. पप्पा काही बोलले नाहीत, मोबाईल दिला. लगेच शांत."

दोन आठवड्यांत अकरा राडे. त्यातले सात पाण्याच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी! सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडं चार-पाच दिवसांआड पाणी, ते पण कधी रात्री दीडला कधी पहाटे, मग मोटर लाव, पाईप धर, बॅरल भर, सासूबाई एकीकडं ओरडतायत मी एकीकडं ओरडतेय, आणि त्यालाही उठवून आम्ही बादल्या धरायला लावायचो, शिस्त लागावी म्हणून. सकाळी परत साडेसहाला शाळेसाठी उठवायचं. नऊ वर्षांच्या लेकराला रोजची नऊ-दहा तास झोप लागते आणि त्या दिवशी त्याची होत होती पाच तास. तीन राडे रविवारी आजोळाहून आल्यावर. एकाचं कारण आजपर्यंत कळलेलं नाही. आणि "आम्ही काय केलं" हा तिसरा रकाना वाचून तर आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो, अकरातल्या आठ वेळा राड्यानंतर त्याला काहीतरी मिळालं होतं, बिस्किट, मोबाईल, नाहीतर शाळेला सुट्टी. म्हणजे शिकवणी आम्हीच घेत होतो की.

पाण्याच्या रात्री त्याला उठवणं त्याच आठवड्यात बंद केलं. सगळं त्यानं मिटलं नाही, पण राडे निम्म्यावर आले, आणि हे मनाच्या कुठल्याही डॉक्टरकडं जायच्या आधी.

वही भरतेय तोवर अंगाची तपासणी उरकून घ्या. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडंच जायचं. कान, डोळे, रक्तातलं हिमोग्लोबिन, गरज वाटली तर थायरॉईड, जंत, आणि रात्री घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का हे नक्की सांगा, कारण झोप मोडणारं पोर दिवसा चिडकं आणि चुळबुळं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या पोराला खरंच ऐकू येत नसतं असंही निघतं. मधेच काही सेकंद टक लावून बघत राहतं, हाक मारली तरी भान नसतं असं दिसलं असेल तर तेही सांगा, फिटचा तसाही एक प्रकार असतो आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम करतंय.

आता मेन प्रश्न, नेमकं कुणाकडं? इथं लोकांचा लई घोळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, निदान करतो आणि गरज असली तर औषध लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रवाले, बुद्ध्यंकाच्या आणि बाकीच्या चाचण्या, बोलून करायचे उपचार, पालकांचं ट्रेनिंग हे त्यांचं काम, औषध ते देत नाहीत, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं नोंदणी असायला लागते, ती बिनधास्त विचारा, लाजू नका. समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. चांगलेही असतात, पण नुसता बोर्ड लावलेलेही असतात, म्हणून शिक्षण काय आणि लहान मुलांसोबत किती वर्षं काम केलंय एवढं विचारूनच तारीख घ्यायची.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहिल्यांदा आम्ही एका खासगी ठिकाणी गेलो, नाव घेत नाही, तिथं पंधरा मिनिटांत पोरासमोरच मला ऐकवलं की आधी तुम्ही आई व्हायला शिका. पैसे देऊन बाहेर आलो आणि नंतर दोन आठवडे पोरगं मला तेच वाक्य फेकून मारत होतं. म्हणून सांगते, पहिल्या भेटीत दोष कुणाचा हे ठरवणारा माणूस भेटला तर बदलून टाका. पण एकच बदला, पाच ठिकाणी फिरत बसू नका, प्रत्येक ठिकाणी लेकराला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतं.

पैशाची ओढाताण असेल, आणि नसली तरीही, सिव्हिलचा विचार नक्की करा. सिव्हिल म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजचं, तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जायचं, केस पेपर काढायचा आणि खिडकीवरच सांगायचं की मानसोपचार ओपीडी, लहान मुलगा आहे, नाहीतर भलत्याच मजल्यावर फिरून दम निघतो. कुठला दिवस मुलांसाठी सोयीचा ते आदल्या दिवशी एक चक्कर टाकून विचारून ठेवलं तर फार बरं. लेकराला घेऊन जाताना डबा, पाण्याची बाटली, आणि मोबाईल सोडून काहीतरी खेळ. आम्ही पत्त्यांचा कॅट नेला होता.

ओपीडीला जायचा धीर होत नसेल तर आधी फोन करा. टेली-मानस, नंबर १४४१६, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली हेल्पलाईन, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. मी पहिला फोन गच्चीवर वाळवणं घालायच्या निमित्तानं वर जाऊन केला आणि पहिली पाच मिनिटं नुसती रडले, पलीकडच्या बाईंनी थांबू दिलं. पोराबद्दल विचारायला केला होता आणि बोलले सगळं स्वतःबद्दलच, तेही चालतं.

पोरगं अंगणवाडीत किंवा सरकारी-अनुदानित शाळेत असेल तर अजून एक रस्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासूनचा, त्यातली डॉक्टरांची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते आणि वाढीत-वागण्यात काही दिसलं तर पुढं पाठवते. टीम कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्या दिवशी पोराची चिठ्ठी देऊन ठेवा, नाहीतर वजन-उंची घेऊन पुढं जातील.

पोराला कसं सांगायचं? मी केलेली घाण चूक आधी सांगते. एकदा रागात म्हणाले होते, "थांब, डॉक्टरकडं नेते, मोठं इंजेक्शन देतील". ते निस्तरायला महिना गेला. फसवूनही नेऊ नका, कंबर तलावावर फिरायला जाऊ म्हणून रिक्षात बसवायचं आणि उतरवायचं दवाखान्यात, असं केलं की पुढच्या वेळी ते रिक्षातच बसत नाही. बापानं सांगायचं, तुम्ही बाजूला बसायचं. आमच्याकडं तो असं म्हणाला: "आपल्या घरात भांडणं लई वाढलीत, मला पण कंटाळा आलाय, तुला पण आला असेल. ती कमी कशी करायची हे विचारायला आपण तिघं एका डॉक्टरकडं जाणार आहोत. सुई नाही, काही नाही, बोलायचं फक्त. तुला नाही बोलायचं तर नको बोलू." पोरगं म्हणालं, "ही पण येणार?" तो म्हणाला, "हो, भांडणात ती पण असते ना." हे त्याला पटलं बहुतेक.

सोबत काय न्यायचं: वही, शाळेची प्रगतिपुस्तकं आणि एक-दोन अभ्यासाच्या वह्या, लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट, चालू औषधं, आणि बाळंतपण कसं झालं, केव्हा बोलायला-चालायला लागला याची माहिती. ही शेवटची गोष्ट सावत्र आईला कुठून असणार? ती आजोळाकडं असते. मी स्वतः अक्कलकोटला त्याच्या आजीला फोन केला, पोटात गोळा घेऊनच, की आई, त्याला दाखवायचंय, त्याच्या लहानपणाचं विचारतील, तुम्हालाच माहिती. त्या आधी गप्प झाल्या, मग तासभर बोलल्या. रविवारचे राडे कमी व्हायला या एका फोनचा मोठा हात आहे, कारण तोवर तिथं मी म्हणजे लेकीच्या जागी आलेली सवतच होते. आता रविवारी आल्यावर मी काही विचारत नाही, अर्धा तास त्याला त्याचं राहू देते.

डॉक्टर तुमच्याशी वेगळं बोलतील, पोराशी वेगळं बोलतील. पोराच्या तक्रारी त्याच्यासमोर वाचू नका, वही सरळ हातात द्या. पहिल्याच भेटीत नाव मिळेल अशी आशा धरू नका, आणि कुणी पाच मिनिटांत एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणाचा त्रास, म्हणून शिक्का मारला तर विचारा की कशावरून. त्यासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, निदान सहा महिने, आणि घर-शाळा अशी एकापेक्षा जास्त ठिकाणी असायला लागतात, म्हणून शाळेची माहिती मागणारा डॉक्टर चांगला समजायचा. नुसतं दुःख, भीती, अभ्यासात अक्षरं न जमणं, यातलं काहीही वरून "दंगा" म्हणूनच दिसतं. निघताना विचारून घ्या: तुम्हाला काय वाटतंय, अजून काय तपासायचंय, घरी आम्ही काय बदलायचं, परत कधी यायचं, आणि फोन कधी करायचा. औषध लिहून दिलं तर कशासाठी, किती दिवस, काय त्रास होऊ शकतो हे लिहून घ्या. शेजारीण म्हणाली म्हणून बंद करायचं नाही आणि फरक पडला म्हणून आपल्या मनानं वाढवायचंही नाही.

आमच्या पोराला काय निघालं ते मी लिहिणार नाही, ते त्याचं आहे. सासरी-माहेरीसुद्धा चौघांपलीकडं सांगितलेलं नाही. मानसिक आरोग्य कायद्यात, २०१७ च्या, ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, तर घरच्यांनीच बारशाला-जेवणावळीत वाटत फिरायची गरज नाही.

घरी काय करायचं, यातलं मला सगळ्यात अवघड गेलेलं म्हणजे शिस्त लावणं काही काळ सोडून देणं. शिक्षा, नाही म्हणणं, मोबाईल काढून घेणं हे सख्ख्या पालकानं करायचं, सावत्र माणसानं आधी नुसतं ओळखीचं व्हायचं. बाप घरात नसेल तेव्हा "पप्पांनी ठरवलेला नियम आहे" एवढंच म्हणायचं. नियम दोनच ठेवले: मारायचं नाही, फेकायचं नाही. बाकी उलट बोलणं-बिलणं सध्या कानाआड. सासूबाईंना हे पटवायला नवऱ्याला तीन दिवस लागले, त्यांच्या मते आम्ही पोराला डोक्यावर बसवतोय, पण बिस्किटांचा डबा त्यांनी उंच फडताळात ठेवला हे मान्य करायला हवं.

एक सांगून ठेवते, राड्यानंतर मिळणारं बंद केलं की पहिले आठ-दहा दिवस राडे वाढतात. त्याला वाटतं कमी पडलं, अजून जोर लावू. बहुतेक घरं इथंच हार मानतात आणि मोबाईल देतात, मग पोर शिकतं की पाऊण तास ओरडलं तरच मिळतं.

आणि रोज दहा-पंधरा मिनिटं फक्त त्याची. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, तो ठरवेल ते करायचं. आमचं जमलं ते शेंगाच्या चटणीवर. एक दिवस मी भाजलेल्या शेंगा सोलून खलबत्त्यात कुटत होते, तो येऊन उभा राहिला, मी काही न बोलता बत्ता पुढं केला. त्यानं इतका जोरात हाणला की निम्मे दाणे ओट्याखाली. मी गप. दुसऱ्यांदा हळू. मग लसूण, मग तिखट-मीठ, आणि तेल सुटेपर्यंत कुटत बसला, घामाघूम, शर्टाला लाल डाग. "आईची जास्त तिखट असायची," म्हणाला. मी चमचाभर तिखट अजून टाकलं. त्याच्या आईचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा त्या दिवशी निघालं, ती गेल्यावर कुणी काढतच नव्हतं, पोराला त्रास होईल म्हणून. फोटो पण कपाटात होता, तो आता बाहेर लावलाय. "आई म्हण" असली जबरदस्ती तर कधीच करू नका. तो मला आई म्हणत नाही, मावशी म्हणत नाही, "ओ" म्हणतो. चालतं मला.

शाळेत दोघांनी जायचं, वर्गशिक्षकांना भेटायचं, आणि तक्रार ऐकायला नाही तर माहिती घ्यायला: कुठल्या तासाला होतं, कुणाशेजारी बसल्यावर होतं, वाचायला उभं केलं की होतं का. वाचन-लेखनातच अडत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र असलं की पुढं बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मारून सरळ करतो म्हणाले तर शांतपणे सांगा की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि आठवीपर्यंत दाखला हातात देऊन काढताही येत नाही.

नातेवाईक काय काय सुचवतील. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, मीठ-मोहऱ्यानं कुणाचं काही बिघडत नाही, सिद्धेश्वराला नवस बोलायचा असेल तर बोला, मी पण बोललेय. पण डॉक्टरच्या ऐवजी नाही. आणि "अंगात शिरलंय" म्हणून कुणी पोराला मारायला, बांधायला, मिरचीची धुरी द्यायला निघालं तर तिथून उचलून आणा, तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

एक गोष्ट लिहायला नको वाटते पण लिहिते. चांगलं असलेलं पोर अचानक बदललं, अंथरुणात शू व्हायला लागली, एका ठराविक माणसाकडं जायला नाहीच म्हणतंय, वयाला न शोभणारं काही बोलतंय-करतंय, तर कुणी त्रास दिलाय का ही शंका मनात ठेवा. खोदून खोदून, धाकानं विचारू नका, शांत ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि १०९८ ला फोन करा, तो मुलांसाठीचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र. जिवाचा धोका असेल तर ११२.

तारखा मात्र चुकवू नका. फरक पडायला लागला की पहिली चुकते ती पुढची तारीख, आमची पण चुकली होती, गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत, आणि मग महिनाभरानं परत मागं आलो. कागद सगळे एका फाईलीत, तारीख कॅलेंडरवर बापाच्या अक्षरात, ही माझी अट आहे.

वही अजून आहे, रोज नाही, राडा झाला तरच लिहितो. गेल्या महिन्यात चार, त्यातला एक माझा, त्यानंच सांगितलं की हा पण लिही. पाण्याच्या रात्री तो झोपलेला असतो. पण सुट्टीत दिवसा पाणी आलं की पाईप तोच लावतो, आणि खालून जिन्यातून ओरडतो, "ओ, मोटर लाव की, आलंय पाणी!"